“ते काहीच लिहीत नाहीत, मॅडम”

मे २०२५ मध्ये सीमेवर वातावरण तापलं तेव्हा साताऱ्याकडच्या सैनिकपत्नींची एकच तक्रार होती : “फोनवर नुसतं ‘ठीक आहे’ म्हणतात.” कारगिलच्या वेळी, १९९९ मध्ये, हीच तक्रार पत्रांबद्दल असायची. माझ्या समुपदेशनातली तेव्हाची एक केस सांगते. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

नवरा श्रीनगर-लेह रस्त्यावर रसद नेणारा ड्रायव्हर. तोलोलिंगचा डोंगर १३ जूनला परत मिळेपर्यंत शत्रूला तिथून द्रासजवळचा रस्ता सरळ दिसायचा, म्हणून गाड्या रात्री, दिवे बंद ठेवून चालायच्या. बायकोला हे पेपरातून कळलेलं. तिनं पिशवीतून चार पत्रं काढली. प्रत्येकात तेवढ्याच तीन ओळी : मी बरा आहे. इथे थंडी आहे. काळजी करू नको.

“माझ्यावरचं मन उडालंय त्यांचं.”

“पत्रात तीन ओळी आहेत, हे खरं. मन उडालं ही चौथी ओळ कुणी लिहिली?”

तिनं पत्र उलटंपालटं करून पाहिलं आणि घडी घातली. बोलली नाही.

घडलेल्या गोष्टीला आपण जो अर्थ चिकटवतो, तोच जास्त छळतो, असं मी मानते. पण अर्थ नुसता खरवडून काढला तर तो रात्रीत परत येतो. म्हणून पुढच्या भेटीत तिला तिचंच शेवटचं पत्र आठवून लिहायला सांगितलं. त्यात अकरा प्रश्न निघाले. नेमके कुठे आहात? गोळीबार जवळ होतो का? सुट्टी कधी? प्रत्येकापुढे तिनंच खूण केली : उत्तर लिहायला मनाई, किंवा त्यांनाही ठाऊक नाही. अशा नऊ खुणा झाल्या. उरले दोन. तब्येत कशी आहे आणि हवा कशी आहे.

पेन तसंच धरून ती कागदाकडे बघत राहिली. “म्हणजे तीन ओळी मीच मागत होते की.”

इतकी वर्षं हे काम करतेय, पण त्या मोजणीइतकं नेमकं काही क्वचितच जमलं असेल.

मृग लागला होता. तिनं लिहिलं, वरच्या पट्टीत भुईमूग टाकू की घेवडा? बी किती आणू? उत्तर आलं ते दोन कागद भरून. भुईमूगच टाक, एकरी ४० किलो बी, दोन ओळींत फूटभर अंतर. शेंगा हातानंच फोड, दाण्याचं लाल साल निघालं तर बी जमिनीत कुजतं. आणि तळाशी : “इथलं गाव रिकामं आहे, तोफांमुळे माणसं उठून गेली. जवाला पाणी सोडायला कुणी नाही, पीक उभ्यानं वाळतंय. येता-जाता बघवत नाही.”

ही ओळ तिनं दोनदा वाचून दाखवली. ‘भीती वाटते’ असं तो कधीच लिहिणार नव्हता. शेतकऱ्याच्या पोरानं मन मोकळं केलं ते वाळत्या जवापाशी.

म्हणून नवऱ्याला उत्तर देता येईल असं विचारा, आणि ज्यावर त्याचा शब्द घरात चालतो असं विचारा. पत्रावर तारीख आणि क्रमांक घाला. तीन पत्रं एकदम आणि उलटसुलट पोचली की जुनं भांडण नवं वाटतं. पत्त्यात सैन्य क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट, त्याचा पिन कोड, मार्फत ५६ ए.पी.ओ. (सैन्याचं टपाल कार्यालय; पूर्वेकडे असेल तर ९९) एवढंच, गावाचं नाव घालू नका. फोनवरही ठिकाण विचारू नका.

घरातलं आजारपण लपवू नका. युनिटमध्ये पंचक्रोशीतलं कुणी ना कुणी असतंच. त्याच्याकडून बातमी कळली, तर तुमच्या पुढच्या प्रत्येक ‘सगळं ठीक’वर नवऱ्याचा विश्वास बसत नाही. काय झालं, काय उपचार केले, आता कसं आहे, या क्रमानं लिहा. नुसतं ‘मामंजींना दवाखान्यात नेलं’ एवढ्यावर पत्र संपवू नका, पुढचं पत्र येईपर्यंत त्याला झोप लागत नाही. खरोखर अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.

इनलँड पत्रात आत काही घालता येत नाही. लेकराचा पंजा त्याच निळ्या कागदावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवा. त्या बाईनं पंजा तसाच काढून पाठवला. भुईमूग निघाल्यावर मात्र साधा लिफाफा घेतला आणि वरच्या पट्टीतल्या चार शेंगा त्यात घातल्या.