वर्तुळ कापलं म्हणजे होल झाला नाही

पत्र : मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. घर साखळीजवळ. गेल्या महिन्यात कुंडईच्या एका टूलरूममध्ये (साचे, फिक्स्चर बनवणारं वर्कशॉप) डिझाइन ट्रेनीसाठी चाचणी दिली. फिक्स्चर प्लेटचं, म्हणजे मशीनवर काम पकडून ठेवणाऱ्या प्लेटचं, संगणकावर मॉडेल करायला दोन तास होते, माझं सव्वा तासात झालं. तपासणाऱ्या सरांनी एका होलवर क्लिक करून विचारलं, ‘हा टॅप आहे की क्लिअरन्स?’ म्हणजे होलमध्ये आटे पाडायचे की बोल्ट नुसता आरपार जाऊ द्यायचा. मला सांगता आलं नाही. ‘शिकून ये, मग बघू,’ एवढंच म्हणाले. पणजीत ॲडव्हान्स्ड कॅडचा एक कोर्स आहे, फी तीस हजार. पपा बँकेतली ठेव मोडायला तयार आहेत. कोर्स करू का? की सरळ डिग्रीला जाऊ? सोबत ती फाइल पाठवते आहे. कृपया नाव छापू नये.

उत्तर :

बाय, पपांना आजच सांग, ठेव मोडू नका. तुला जे येत नाही ते त्या कोर्समध्ये बहुतेक शिकवणारही नाहीत. तिथे सरफेसिंग (वळणदार पृष्ठभाग) असेल, रेंडरिंग (मॉडेलची देखणी चित्रं) असेल. तुझं अडलंय एका होलवर.

फाइल उघडून पाहिली. बाहेरची मापं बरोबर आहेत, स्केचेस मापांनी पूर्ण बांधलेली आहेत, हात स्वच्छ आहे. पण चौदाच्या चौदा होल तू एकाच रीतीने केलेस : वर्तुळ काढलंस आणि एक्स्ट्रूड कट मारलास, म्हणजे ते प्लेटमधून नुसतं कापून काढलंस. पडद्यावर ते होलच दिसतात. मशीनवरच्या माणसाला त्यातून काय कळणार? तुझ्या प्लेटवर ८.५ मिमीचे चार होल आहेत. ८.५ हा एम १० च्या (१० मिमी बोल्टच्या) आट्यांसाठीचा ड्रिल. आणि एम ८ चा बोल्ट घट्ट बसवून आरपार न्यायचा असेल तर तक्त्यात ८.४ मिमी सापडतं. म्हणजे त्या वर्तुळाकडे बघून टॅप मारायचा की बोल्ट सोडायचा, हे कोणीच सांगू शकत नाही. सरांनी तुझ्या वर्मावर बोट ठेवलं आणि ते बरं झालं. ‘मग बघू’ हे शब्द त्यांनी उगाच वापरले नसावेत.

सॉफ्टवेअरमधली होलची कमांड वेगळी असते ती यासाठीच. तिथे तू आधी होलचं काम सांगतेस, माप त्यामागून येतं. दोन प्लेट एम ८ च्या ऍलन बोल्टने जोडायच्या आहेत असं धर. खालच्या प्लेटला आटे : पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५, म्हणून ड्रिल ६.८. वरच्या प्लेटला मध्यम क्लिअरन्स ९ मिमी, आणि बोल्टचं डोकं आत बसावं म्हणून काउंटरबोअर, म्हणजे होलच्या तोंडाशी सपाट तळाचा रुंद खळगा. डोक्याचा व्यास १३, उंची ८. हे सगळं होलच्या फीचरमध्ये राहतं, त्यामुळे ड्रॉइंगवर होल कॉलआउट (होलची मापं सांगणारी टीप) टाकलं की आटे, खोली, संख्या आपोआप उतरतात. उद्या एम ८ चा एम १० करायचा ठरला तर एका जागी बदल पुरतो. तुझ्या फाइलमध्ये चौदा वर्तुळं शोधत बसावं लागेल, आणि त्यातलं एखादं राहून जाईल.

इथपर्यंत कुठल्याही पुस्तकात मिळेल. तुला नोकरी देणारी गोष्ट याच्या पुढची आहे : सॉफ्टवेअरचा तक्ता आणि तुझ्या टूलरूमचं कपाट सारखं नसतं.

एम ८ साठी सॉफ्टवेअर कदाचित १५ मिमीचा काउंटरबोअर देईल. कपाटात कटर १४ चा असला तर? १३ चं डोकं १४ मध्ये छान बसतं, कामाला काही बाधा नाही. पण ड्रॉइंगवर १५ लिहिलंस की माणूस एकतर नवा कटर मागवेल किंवा लहान एन्ड मिल कटर गोल फिरवत बसेल, होलामागे दोन-चार मिनिटं जास्त. म्हणून चांगला डिझायनर आपल्या शॉपचे होल सॉफ्टवेअरला शिकवून ठेवतो. सॉलिडवर्क्समध्ये टूलबॉक्सच्या सेटिंगमधून आयएसओ मानकाची प्रत काढून तिच्यात आपली मापं भरता येतात. तेवढं नको असेल तर होल विझार्डमध्ये, म्हणजे तिथल्या होलच्या कमांडमध्ये, माप बदलून तो होल फेव्हरिट म्हणून जपता येतो. घरी फ्रीकॅड हे सॉफ्टवेअर घे, फुकट आहे. त्यात काउंटरबोअर आणि काउंटरसिंकचे (तिरक्या कडेचा खळगा) आपले तक्ते साध्या जेसन (JSON) मजकूर-फाइलमध्ये लिहून ठेवता येतात : बोल्टचा आकार, व्यास, खोली. मूळ तक्त्यावर कधी लिहू नकोस, प्रत कर आणि तिला वेगळं नाव दे. नाहीतर सहा महिन्यांनी कुठलं माप मानकाचं आणि कुठलं तुझं, हे तुलाच कळायचं नाही.

खोलीचं मी स्वतः चुकून शिकलो. या कामात येण्याआधी बारा वर्षं टूलरूममध्ये होतो. पहिल्याच वर्षी एका ब्लाइंड, म्हणजे आरपार नसलेल्या, होलला ड्रिलची खोली आणि आट्यांची खोली दोन्ही १६ मिमी दिली. टॅपच्या टोकाला निमुळता भाग असतो, तिथे पूर्ण आटे पडत नाहीत. शिवाय चुरा जायला जागा लागते. टॅप तळाला टेकला आणि आतच तुटला. तयार होत आलेली प्लेट होती. टॅप मारणाऱ्या काकांनी आवाज चढवला नाही. तुटका तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, ‘ड्रिल चार-पाच आटे जास्त खोल दे.’ एम ८ ला हे साधारण ६ मिमी होतं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक होल सेटिंगमध्ये तो फरक आधीच भरलेला असायचा.

तेव्हा कोर्सचे पैसे राहू देत. आधी तुझ्या पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये जा. इन्स्ट्रक्टरांना विचारून कपाट उघड आणि वहीत लिही : कुठले ड्रिल, कुठले टॅप, काउंटरबोअर किती मिमीचे, रीमर (होल अचूक मापाला आणणारं हत्यार) कुठले. डॉवेल पिनसाठी (दोन भाग नेमक्या जागी धरणारी पिन) ८ एच ७ चा, म्हणजे ८ मिमीच्या अचूक होलाचा, रीमर असेल तर हातात घेऊन बघ. त्या होलला वर १५ मायक्रॉनच मोकळीक आहे, म्हणून तो नुसत्या ड्रिलने होत नाही. मग स्वतःच्या हाताने एम ६, एम ८, एम १० चे होल मार आणि टॅप कर. त्यानंतर संगणकावर बस, त्या वहीतून तुझा तक्ता बनव, आणि चाचणीची प्लेट त्याच तक्त्याने पुन्हा कर. चवथीची सुट्टी येण्याआधी हे सहज होईल.

डिग्रीचं दार बंद होत नाही. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, फर्मागुडीचं इंजिनिअरिंग कॉलेज तुला दूरही नाही. पण एका चाचणीत अडलीस म्हणून डिग्रीकडे पळू नकोस. मला विचारशील तर आधी वर्षभर ॲप्रेंटिसशिप कर. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली डिप्लोमावाल्यांना ती मिळते, विद्यावेतनासह. कुंडई, वेर्णा, वास्कोची जहाजबांधणी, कुठेही चालेल. अट एकच : डिझाइनच्या खोलीबरोबर शॉपमध्येही उभं राहायला मिळायला हवं. अर्ज करताना हे स्पष्ट विचार.

आणि प्लेट तयार झाली की त्या सरांना फोन कर. नोकरीबद्दल काही बोलू नकोस. एवढंच विचार : ‘सर, तुमच्याकडे एम ८ चा काउंटरबोअर किती मिमीचा वापरता? मला फाइल त्याप्रमाणे करून आणायची आहे.’