साताऱ्यात पळायचं, पण घाट नको

प्रश्न: नमस्कार ताई, माझं वय 46, राहते चिंचवडला. डॉक्टरांनी जरा हालचाल करा म्हणून सांगितलं तेव्हापासून मोबाईलवरच्या त्या पाच किलोमीटरवाल्या ॲपवर पळायला लागलेय, एक मिनिट पळा मग चाला असलं. आता भाचीच्या लग्नाला आठवडाभर साताऱ्याला जायचंय. माझं बालपण सगळं चिमणपुऱ्यातलं, तिथलं घर केव्हाच विकलं, उतरणार मामाकडे. खाडा पडू नये असं वाटतंय पण गाव सगळं चढाचं, कुत्री आहेत, आणि ओळखीचे लोक बघून हसतील ही तर सगळ्यात मोठी भीती. त्यात मामेभाऊ मागे लागलाय, "चल ताई यवतेश्वर घाट मारू, सातारकर ना तू!" काय करू?
– एक माहेरवाशीण, चिंचवड

उत्तर: पहिलं काम, मामेभावाला नाही म्हणा. त्या घाटातून 2012 पासून हिल हाफ मॅरेथॉन होते, 21 किलोमीटरची, आणि तेव्हापासून साताऱ्यातल्या घरटी एका माणसाला वाटतं की घाट म्हणजे आपलं अंगण. त्याला वाटू दे. तुमचं ॲप बहुतेक काउच टू फाइव्ह के या धाटणीचं असणार, जोश क्लार्क नावाच्या माणसाने 1996 मध्ये काढलेला नऊ आठवड्यांचा प्लॅन, पहिल्या आठवड्यात 60 सेकंद हळू पळायचं आणि 90 सेकंद चालायचं. हे सगळं सपाटीच्या हिशोबाने आहे हो. चढावर तेच 60 सेकंद पळालात तर छाती भात्यासारखी चालेल आणि वाटेल की आपल्याला काही जमतच नाही, खरं तर फक्त रस्ता बदललेला असतो.

आणि चढापेक्षा उतार जास्त फसवतो. चढताना दम लागतो म्हणून माणूस आपणहून थांबतो, उतरताना मजा वाटते, पण प्रत्येक पावलाला मांडीचे पुढचे स्नायू ब्रेक लावत असतात, आणि ते दुखणं त्याच दिवशी येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. म्हणजे नेमकं हळदीला तुम्ही नऊवारीत कार्यालयाचा जिना कठडा धरून एकेक पायरी उतरताय आणि सगळे विचारतायत काय झालं. लग्नाच्या आदल्या दोन दिवसात तर पळूच नका, चाला फक्त.

मग पळायचं कुठे? एसटी स्टँडजवळचं शाहू स्टेडियम. सकाळी तिथे फिरणारे, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, रिटायर्ड काका, सगळे असतात, त्या गर्दीत तुमच्याकडे बघायला कुणाला वेळ नाही. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे जायचं तर वरचा रस्ता काय नि खालचा रस्ता काय, चढ आहेच, तो चालण्यासाठी ठेवा. वेग किती ठेवायचा याचं सोपं माप म्हणजे पळताना तोंडातून पूर्ण वाक्य बाहेर पडलं पाहिजे. "अगं लग्न कुठल्या कार्यालयात आहे" एवढं एका दमात म्हणता येत नसेल तर हळू करा, अजून हळू, लाजायचं नाही. आणि ॲप पुढच्या आठवड्यावर ढकलत असेल तरी साताऱ्यात आधीचाच आठवडा परत करा, एका आठवड्यात काही बिघडत नाही.

आता ओळखीची माणसं. हसणार नाहीत, त्यापेक्षा वाईट म्हणजे थांबवणार. "अगं तू अमक्यांची ना, कधी आलीस, आई कशी आहे, आणि ही अशी पळतेस का, शुगर निघाली का?" हे होणारच. तर अशी कुणी काकू दिसली की तिथेच तुमचा चालायचा टप्पा सुरू करा, चार पावलं तिच्याबरोबर चालत बोला, मग "काकू, संध्याकाळी येते" म्हणून निघा (आणि जा खरंच, नाहीतर लग्नात ऐकून घ्यावं लागेल). राहिलं बाईमाणसाने पळायचं. माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला पळाल्या, हा तो जिल्हा आहे. चिंचवडला घालता तेच कपडे घाला, फक्त बूट वापरातले हवेत, लग्नाच्या खरेदीत घेतलेले कोरे नकोत.

कुत्र्यांचं: अंगावर आलं की पळायचं थांबवा, हा एकच प्रसंग जिथे पळणं चूक. डोळ्यात डोळे घालू नका, पाठ न फिरवता सावकाश बाजूला व्हा. चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्यायला जा, हळद-बिळद भरत बसू नका.

चिमणपुऱ्यात जावंसं वाटणार हे तुम्ही लिहिलं नाहीत तरी कळतंय. जा, पण तिथे पळत जाऊ नका, पळणं आटपल्यावर एखाद दिवशी चालत जा. घर दुसऱ्याचं झालंय तेव्हा दारासमोर मोबाईल काढून उभं राहण्याआधी आत आवाज द्या, बहुतेक चहाच मिळेल.

आणि यवतेश्वर? सपाटीला पाच किलोमीटर आरामात व्हायला लागले की पुढच्या खेपेला जरूर जा. समर्थ मंदिराकडून भल्या पहाटे निघायचं, घाट चालत चढायचा, दम लागला तर कठड्यापाशी टेकायचं आणि उतरताना मामेभावाच्या स्कूटरवर मागे बसून यायचं.