रंधा बदललेला, तरी भाव दुप्पट कसा?

प्रश्न: मी एडिसनला, न्यू जर्सीत असतो, सुट्टीच्या दिवशी गॅरेजमध्ये सुतारकाम करतो. ऑनलाइन लिलावात स्टॅनली या अमेरिकन कंपनीचे जुने लोखंडी रंधे बघत असतो. परवा एक पाच नंबर मॉडेलचा जॅक प्लेन, म्हणजे मधल्या लांबीचा नेहमीच्या कामाचा रंधा होता, मूठ नवी, पातं नवं जाड, तळ मशीनवर घासून सपाट केलेला, आणि विकणाऱ्याने हे सगळं लिहिलेलंही होतं. तो गेला जसाच्या तसा असलेल्या दुसऱ्या पाच नंबरच्या दुप्पट भावाला! जुन्या वस्तूला हात लावला की किंमत पडते ना?

उत्तर: पडते, पण कलेक्टर लोकांच्या बाजारात. या लिलावात गिऱ्हाईक दोन जातीचं असतं, एक कपाटात ठेवणारं आणि एक लाकडावर चालवणारं, आणि दोघं एकाच पानावर बोली लावतात म्हणून गोंधळ होतो. पाच नंबर स्टॅनलीने कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटनला इतके बनवले की कलेक्टरला त्याचं अप्रूप नाही, चांगला पीसही बहुतेक वेळा शंभर डॉलरच्या आत मिळतो. काम करणाऱ्याचा हिशोब मात्र वेगळा. ली-नील्सन या आजच्या अमेरिकन कंपनीचा नवा पाच नंबर घ्यायचा तर तीनशेच्या पुढे जातात, आणि जुना घेतला तर काचेवर सॅंडपेपर चिकटवून तळ घासत बसा, फ्रॉग, म्हणजे पातं ज्यावर टेकतं तो भाग, नीट बसतोय का बघा, मूठ तडकलेली असली तर ती बदला, म्हणजे दोन रविवार गेलेच. हे सगळं कुणीतरी नीट करून दिलंय तर त्या मेहनतीचे पैसे मोजायला लोक तयार असतात, आणि मला ते अगदी रास्त वाटतं.

एक नंबरच्या रंध्याचं बरोबर उलट. लांबी जेमतेम साडेपाच इंच, पातं सव्वा इंच, चालवायला तो फारसा कुणी घेत नाही. तरी हजार डॉलरच्या पुढे जातो, कारण तो कपाटवाल्यांचाच. तिथे पुढची मूठ जरी नंतरची निघाली तरी भाव धाडकन खाली येतो, आणि नव्याने ओतलेल्या नकलाही फिरतात, सांभाळून.

मला राग येतो तो लपवलेल्या बदलाचा. फोटो मोठा करून बघायची सवय लावा. फ्रॉगच्या मागे बॉडीवर पेटंटच्या तीन तारखा दिसल्या, दोन 1902 च्या आणि एक 1910 ची, तर रंधा साधारण पहिल्या महायुद्धाच्या आसपासचा. त्यात पात्यावर बदामाच्या आकारात एसडब्ल्यू (स्टॅनली वर्क्स) असा शिक्का असला तर ते पातं 1920 च्या सुमाराचं किंवा नंतरचं, म्हणजे कदाचित बदललेलं, कारण तो बदाम, म्हणजे इंग्रजीत हार्ट, कंपनीचे माजी अध्यक्ष विल्यम हार्ट यांच्या नावावरून तेव्हा आला. पातं झिजतं, बदललं तर काही पाप नाही, पण बदललेलं असूनही वर ‘सगळं ओरिजिनल’ लिहिलं असेल तर बाकीच्या वर्णनावरही विश्वास ठेवू नका. 62 नंबर, म्हणजे पातं कमी कोनात बसवलेला जॅक प्लेन, घेत असाल तर तोंडाची पात्यामागची कड बघा, ती पातळ असते आणि तुटते, ब्रेझिंग, म्हणजे पितळ वितळवून जोडकाम, केलेलं असेल तर पिवळी रेघ दिसते, आणि नेमक्या त्याच जागेचा फोटो नसेल तर आधी मागवा. काळा रंग अक्षरांच्या खाचांत साचून ती बुजलेली दिसली तर स्प्रे मारलाय समजा.

आणि हो, भाव चढायला दोन हट्टी माणसं पुरतात, त्यामुळे एका लिलावावरून बाजारभाव ठरवू नका, त्याच नंबरचे आधी विकले गेलेले दहा-बारा बघा.

प्रश्न: आजोबांचा स्टॅनलीचा पाच नंबरचा रंधा आहे, मुठीवर त्यांची अक्षरं कोरलेली, गंजही आहे. पॉलिश करून अक्षरं घासून काढली तर परदेशात चांगला भाव येईल का? (सांगली)

उत्तर: अक्षरं अजिबात काढू नका! मालकाचं नाव हत्यारावर असणं नेहमीचंच, त्याने कुणी बिचकत नाही, उलट मूठ घासली की तिचा आकार जातो. बफिंगही नको, गंजावर तेल लावून बारीक स्टील वूल हलक्या हाताने फिरवा, बास. विकायचाच तर भारतातच एखाद्या सुताराला किंवा लाकूडकामाची आवड असलेल्याला द्या, दोन किलोच्या वर वजन भरतं त्याचं, परदेशी पाठवायचा खर्चच रंध्याच्या किमतीला जाऊन भिडेल.