वाचकांचे प्रश्न : कॉलेजात खेळाडू म्हणून तीन ट्रॉफ्या, कोच म्हणून एकही नाही

मागच्या अंकात मी एका ओळीत लिहून गेले होते की अमेरिकेच्या महिला फुटबॉल टीमला पहिल्यांदा कायमची बाई हेड कोच, एप्रिल हाइनरिक्स, मिळाली ती एका कॉलेजच्या मैदानावरून. त्या एका ओळीवर बरीच पत्रं आली, त्यातली तीन घेते.

प्रश्न : ही एप्रिल हाइनरिक्स नक्की कोण? माझी मुलगी कॉलेज टीममध्ये स्ट्रायकर आहे आणि म्हणते खेळणं संपलं की मी हिच्यासारखी कोच होणार. सुरुवात कुठून करायची असते? – एक आई, कोल्हापूर

ताई, मुलीची निवड झकास आहे. हाइनरिक्स १९६४ ची, डेन्व्हरची. १९८३ ते ८६ नॉर्थ कॅरोलिना युनिव्हर्सिटीकडून खेळली, ९० मॅचमध्ये ८७ गोल, म्हणजे जवळपास मॅचमागे एक. चार सीझनमध्ये तीनदा एनसीएए चॅम्पियन (आपली आंतरविद्यापीठ स्पर्धा असते ना तसंच, फक्त तिकडे त्यावर स्कॉलरशिप मिळते आणि करिअर उभं राहतं), ८५ ची तेवढी फायनल जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटीने २-० ने काढली.

पण मला गोलांपेक्षा तिच्या पहिल्या वर्षातली गोष्ट जास्त आवडते. प्रॅक्टिसलाही ती मॅचसारखीच खेळायची, समोर मैत्रीण आहे की सीनियर आहे काही बघायची नाही, बॉल हवा म्हणजे हवा. शेवटी टीममधल्या मुली कोच अॅन्सन डॉरन्सकडे गेल्या की हिचं काहीतरी करा. डॉरन्सने हे पुढे बऱ्याचदा सांगितलंय, की त्याच्या मनात आलं, हिला आवरायचं कशाला, मला तर अशा अजून पाहिजेत! त्याची प्रॅक्टिसच तशी असायची. वन-ऑन-वन (एकीसमोर एक), हेडिंग, पळणं, सगळ्याचे मार्क लिहायचे आणि कोण कितवी ते बोर्डावर लावायचं. ही मार्क लिहायची कल्पना त्याने त्याच कॉलेजच्या बास्केटबॉल कोचकडून, डीन स्मिथकडून उचललेली. आता आपल्याकडे मुलीला लहानपणापासून सांभाळून घे, समजून घे हेच ऐकवतात, त्यामुळे असा बोर्ड लागला तर निम्म्या घरांतून फोन येतील, पहिला बहुतेक माझ्याच घरून.

१९९१ चा पहिला महिला वर्ल्ड कप चीनमध्ये झाला, त्यात ती कॅप्टन. बायकांच्या मॅचेस तेव्हा ८० मिनिटांच्या ठेवल्या होत्या, का ते तुम्हीच समजा. आघाडीला ती, मिशेल एकर्स आणि कॅरिन जेनिंग्स अशा तिघी, चिनी पत्रकारांनी त्यांना तीन धारांची तलवार म्हटलं. ग्वांगझूच्या फायनलमध्ये नॉर्वेला २-१ हरवलं, दोन्ही गोल एकर्सचे. त्यानंतर गुडघ्यांनी दगा दिला आणि हाइनरिक्सचं खेळणं थांबलं. पण गंमत बघा, कोचिंग तिने त्याआधीच धरलेलं, १९९० ला प्रिन्स्टनची कोच झाली तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती आणि देशाकडून खेळतही होती.

सुरुवातीचं शेवटी सांगते, थांबा.

प्रश्न : कॉलेज कोच म्हणून तिने एकही चॅम्पियनशिप जिंकली नाही ना? मग देशाची टीम हातात कशी दिली, वशिला? – एक वाचक, पुणे

नाही जिंकली, खरंय. प्रिन्स्टन एक वर्ष, मग मेरीलँड १९९५ पर्यंत, मग व्हर्जिनिया १९९६ ते ९९. पण ती कॉलेजात कोच होती त्या दहा वर्षांतल्या आठ चॅम्पियनशिप कोणी नेल्या माहितीये का, नॉर्थ कॅरोलिनाने! म्हणजे तिचंच जुनं कॉलेज आणि तिचाच जुना कोच. त्यात मेरीलँड आणि व्हर्जिनिया त्यांच्याच गटात, एसीसीत, म्हणजे दरवर्षी गाठ ठरलेली. तिकडे कॉलेज कोचचं निम्मं काम शाळेतल्या चांगल्या मुली शोधायच्या आणि त्यांना, त्यांच्या आईबापांना आपल्या कॉलेजसाठी पटवायचं हे असतं, आणि जिथे दरवर्षी ट्रॉफी येते तिथेच पोरी जाणार ना. तरी १९९५ ला ती एसीसीची कोच ऑफ द इयर ठरली.

वशिला म्हणाल तर १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकला गोल्ड मिळालं तेव्हा ती देशाच्या टीमचा हेड कोच टोनी डिचिको याची असिस्टंट होती, काम बघितलेलं होतं. २००० ला टीम हातात आली ती १९९९ चा वर्ल्ड कप जिंकलेली, म्हणजे जिंकलं तर मुलींचं कौतुक आणि हरलं तर कोचच्या नावाने खडे. त्याच वर्षी सिडनी ऑलिम्पिकच्या फायनलमध्ये शेवटच्या क्षणी बरोबरी साधली आणि एक्स्ट्रा टाइममध्ये नॉर्वेने गोल्डन गोल (जो पहिला गोल मारेल तो तिथेच जिंकला) मारून ३-२ ने नेलं, तो बॉल गोल मारणारीच्या हाताला लागून गेलेला. २००३ च्या वर्ल्ड कपला घरच्या मैदानावर तिसरा नंबर. मग २००४, अथेन्स ऑलिम्पिकची फायनल, समोर ब्राझील, ९० मिनिटांनंतर १-१, पुन्हा एक्स्ट्रा टाइम, ११२ वं मिनिट, क्रिस्टीन लिलीने कॉर्नर घेतला आणि अॅबी वॉम्बाकने उंच उडी मारून डोक्याने आत घातला. गोल्ड. पुढच्या फेब्रुवारीत हाइनरिक्सने पद सोडलं. हिशोब १२४ मॅच, ८७ विजय, २० बरोबरी, १७ हार. आता वशिला म्हणायचं का तुम्हीच ठरवा.

प्रश्न : तिच्या हाताखालचं कोणी पुढे आलं का? – एक वाचक, म्हापसा

जिल एलिस! मेरीलँड आणि व्हर्जिनियाला हाइनरिक्सची असिस्टंट होती, मग यूसीएलएची कोच, आणि अमेरिकेची कोच म्हणून २०१५ आणि २०१९ असे लागोपाठ दोन वर्ल्ड कप. अजून काय पाहिजे.

आता कोल्हापूरच्या ताईंचं राहिलेलं. आपल्याकडे फुटबॉल फेडरेशनचे लायसन्स कोर्स असतात, डी लायसन्स हा त्यातल्या सुरुवातीच्या पायऱ्यांपैकी, महाराष्ट्रात विफाकडे (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन) चौकशी करा. पण त्याआधी, तुम्ही कोल्हापूरच्या आहात, पेठेत फुटबॉलला पोरं कमी नाहीत, लेकीला म्हणावं रविवारी सकाळी दहा-बारा लहान पोरी गोळा कर, एक वही घे आणि वन-ऑन-वनला कोण किती वेळा जिंकली ते लिहायला लाग. महिन्याने ती वही मलाही दाखवा.