राखेपासून रिकाम्या कबरेपर्यंत: वाचकांचे प्रश्न

यंदा, म्हणजे २०२७ साली, राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाची सुरुवात, १० फेब्रुवारीला आहे. झावळ्यांचा रविवार २१ मार्चला, गुड फ्रायडे २६ मार्चला आणि पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर, २८ मार्चला. तारखा लवकर आल्यामुळे पत्रांचा ओघही लवकर सुरू झाला. एकाच विषयावरची पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

सप्रेम सलाम. आमच्या जुन्या मंडळीत (चर्चमध्ये) राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावत नसत. आता तरुण संघ राखेची उपासना मागतो आणि ज्येष्ठ म्हणतात, “हे आपले नाही.” खरे काय? आणि राख तयार कशी करायची? (मंडळीच्या सचिव, मोहननगर)

दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी इथे नागपुरातच सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. (तो दिवस आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार होता, हे फार थोड्यांच्या लक्षात असते.) त्या सहांत अँग्लिकन होते, तसेच प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रदरेन आणि डिसायपल्सही होते. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे. त्या वळणाच्या मंडळ्यांत राख, वेदीवस्त्रे, सणांचे रंग यांना जागा नव्हती. अँग्लिकन वळणात होती. त्यामुळे एकाच धर्मप्रांतात सदरला एक रीत आणि चार किलोमीटरवर दुसरी, हे इथे चालायचेच. राख घेणे सक्तीचे ठेवू नका. ज्यांना हवी त्यांनी पुढे यावे, बाकीच्यांनी जागेवर बसून प्रार्थना करावी, आणि हे पाळकसाहेबांनी उपासनेच्या सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे.

आता कृती. राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी वापरलेल्या झावळ्यांची करतात. त्यांना लावलेल्या टाचण्या, रिबिनी, दोरे आधी काढा. प्लॅस्टिकची रिबीन जळली की राख चिकट होते आणि तिला घाण वास येतो. पाती खडखडीत वाळलेल्या हव्यात. ओलसर राहिल्या तर धूर होतो आणि राखेऐवजी डांबरासारखे गोळे हाती येतात. कात्रीने दोन-दोन इंचांचे तुकडे करा. वारा नसलेल्या उघड्या जागी लोखंडी घमेल्यात मूठ-मूठभर टाकत जाळा. ज्वाळा बसली की वरून झाकण ठेवा. हे झाकण महत्त्वाचे, कारण पूर्ण जळू दिले तर राख फिकी, करडी होते आणि कपाळावर दिसतच नाही. झाकल्यावर काळीभोर राहते. दुसऱ्या दिवशी, घमेले पूर्ण थंड झाल्यावर, मैद्याच्या चाळणीने आणि मग मलमलीतून चाळा. पन्नासेक पातींची दोनेक चहाचे चमचे राख निघते. दीडशे माणसांना एवढी पुरते.

नेहमी होणारी चूक पुढेच आहे. राख चांगली चिकटावी म्हणून कुणीतरी तिच्यात पाणी घालतो. राखेत क्षार असतात, पूर्वी राखेच्या पाण्याने कपडे धूत ते याच कारणाने. पाणी मिळाले की हे क्षार उतरतात आणि नाजूक कातडीवर चट्टे, फोडही उठतात. कोरडीच लावा. फारच भुरभुरत असेल तर चमचाभर राखेला खोबरेल किंवा ऑलिव्ह तेलाचे तीन-चार थेंब, तेही उपासनेच्या थोडे आधी. अगरबत्तीची राख अजिबात नको, तिच्यात सुवासाची द्रव्ये असतात. अंगठा पुसायला लिंबाची फोड आणि ओले फडके जवळ ठेवा.

त्या दिवशी बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचतात. त्यात प्रभू म्हणतो की उपास करताना तोंड धुवा, लोकांना दिसेल असे काही करू नका. हे वाचून लगेच सगळ्यांच्या कपाळाला राख लावायची, यातली विसंगती तरुणांना बरोबर कळते आणि ते विचारतात. उत्तर टाळू नका; प्रवचन त्यावरच करा.

झावळ्या कोणत्या आणि किती आणायच्या? मुले फुले-पाने तोडून आणतात ते चालेल का? (रविवारच्या शाळेचे शिक्षक, जरीपटका)

आपल्याकडे शिंदीच्या झावळ्या सर्वांत सोयीच्या. दीडशे लोकांसाठी तीन-चार मोठ्या झावळ्या पुष्कळ झाल्या, कारण एकेका झावळीला भरपूर पाती असतात आणि हातात द्यायची ती सुटी पाती. अख्खी झावळी फक्त मिरवणुकीच्या पुढे चालणाऱ्याकडे. शिंदीच्या झावळीच्या बुडाकडच्या पाती काटे होऊन बसलेल्या असतात, चांगल्या दोन-तीन इंची. मुलांच्या हाती देण्याआधी मोठ्या माणसाने कोयत्याने तेवढा भाग उडवावा. शनिवारी संध्याकाळी तोडा आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा. मार्चच्या हवेत उघड्यावर ठेवलेली पात सकाळपर्यंत कडक होते आणि तिचा छोटा क्रूस वळताना मोडते. अशोकाच्या डहाळ्याही चालतील, योहानाच्या शुभवर्तमानात झावळ्या आहेत तर मत्तयात नुसत्या झाडांच्या डहाळ्या. मात्र त्या पुढच्या वर्षीच्या राखेला फारशा उपयोगी नाहीत.

यंदा होळी आणि हा रविवार अगदी शेजारी आले आहेत. मिरवणूक रस्त्यावरून काढणार असाल तर मार्ग छोटा ठेवा, पोलीस ठाण्याला आधी कळवा, आणि पांढरे झगे घालून मुलांना लांब चालवू नका.

ईस्टर दरवर्षी हलतो कसा? (कामठी)

२१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार. ही पौर्णिमा चर्चच्या कोष्टकातली असते, आकाशातल्या पौर्णिमेपेक्षा एखादा दिवस पुढे-मागे. म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या मुदतीतच येतो. आपल्या पंचांगाने पाहिले तर कधी होळीनंतर (२०२४ साली तसे झाले), पण जास्त वेळा हनुमान जयंतीनंतरचा रविवार.

पवित्र गुरुवारी प्रभुभोजनासाठी बाजारचा द्राक्षरस महाग पडतो. घरी करता येईल का? गेल्या वर्षी रस आंबला होता. (महिला संघ, इंदोरा)

प्रभुभोजनात पाव आणि द्राक्षरस सगळ्यांना वाटतात; त्यासाठी काळ्या मनुकांचा रस अनेक मंडळ्या करतात. आधी हिशेब: छोट्या पेल्यात १० मिलि पुरते. १२० जणांना १.२ लिटर, सांडलवंड धरून दीड लिटर. ५०० ग्रॅम काळ्या मनुका तीन पाण्यांनी धुवा, दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर वीसेक मिनिटे उकळा, पळीने चेचा, गार करून मलमलीतून गाळा. दीड लिटरच्या आसपास रस मिळेल. साखर घालू नका. मनुका तेलकट चमकत असतील तर कोमट पाण्याने धुवा, नाहीतर रसावर तेलाचा तवंग येतो.

रस आंबला कारण तो फार आधी केला किंवा बाहेर राहिला. मनुकांवर मुळातच यीस्ट असते. उकळल्याने ते मरते, पण गाळताना वापरलेले फडके, न उकळलेली बाटली, ओला चमचा यांतून परत शिरते. बुधवारी रात्री भिजत घाला, गुरुवारी सकाळी रस करा, उकळून वाळवलेल्या काचेच्या बाटल्यांत फ्रिजमध्ये ठेवा आणि पेले उपासनेच्या अर्धा तास आधी भरा. त्याच्याही आधी भरले तर कूलरच्या वाऱ्यात वर धूळ बसते.

पावाचे प्रमाण नेहमी चुकते, आणि चुकते ते जास्तीच्याच बाजूने. साध्या सँडविच ब्रेडच्या एका स्लाइसच्या कडा काढून दीड सेंटिमीटरचे तुकडे केले तर तीसेक होतात. म्हणजे १२० जणांना चार-पाच स्लाइस! दोन-दोन पुडे आणून उरलेल्याचे काय करायचे, असे विचारणारी पत्रे आम्हाला येतात. तुकडे केल्यावर ताट किंचित दमट, स्वच्छ कापडाने झाका, नाहीतर उन्हाळ्यात अर्ध्या तासात त्यांचे टोस्ट होतात.

कापडावर रस सांडला तर साबण लावायची घाई करू नका. आधी गार पाण्याने खळबळा, मग डागाचा भाग भांड्यावर ताणून धरा आणि वरून उकळते पाणी ओता. सुती कापडावरचा ताजा डाग बहुधा निघतो.

गुड फ्रायडेची सप्तोद्गारांची, म्हणजे येशूने क्रूसावरून काढलेल्या सात उद्गारांची, उपासना दरवर्षी साडेतीन-पावणेचारपर्यंत लांबते. लोक पाचव्या उद्गारानंतर उठून जातात. काय करावे? (पंचकमिटीचे सभासद, काटोल रोड)

बारा ते तीन ही वेळ शुभवर्तमानातून आली आहे: बारापासून तीनपर्यंत देशभर अंधार पडला, असे मत्तय, मार्क आणि लूक सांगतात. ती वेळ गाठून तीनला थांबणे हाच या उपासनेचा अर्थ, त्यामुळे लांबणे ही इथे किरकोळ गोष्ट नाही. सात उद्गार एकत्र गुंफून तीन तास बसण्याची रीत मात्र पुष्कळ नंतरची. ती दक्षिण अमेरिकेत, पेरूमधल्या लिमा शहरात जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी सतराव्या शतकाच्या अखेरीस रूढ केली. ती आज्ञा नाही. तुमच्या मंडळीला दीड तासच झेपत असेल तर दीडला सुरू करा, पण तीनला संपवा.

तीन तासांचे गणित असे बसते. सुरुवातीला ८ मिनिटे, शेवटी ११, मधले १६१ मिनिटे सात भागांना, म्हणजे प्रत्येकी २३. त्यात वाचन २, गीत ४, मनन ११, शांतता ३, प्रार्थना ३. गीताची दोनच कडवी. कडवी कोणती हे पेटीवाल्याला आणि तबलजीला आठवडाभर आधी लिहून द्या. आयत्या वेळी पाने उलटण्यात प्रत्येक गीतामागे दीड-दोन मिनिटे जातात, सातांची झाली बारा-चौदा.

खरा वेळ मननात जातो. सात वक्ते सात वेळा गेथशेमाने बागेपासून सुरुवात करतात. वक्त्यांची एक बैठक मार्चच्या पहिल्या आठवड्यात घ्या आणि तिथे हद्दी ठरवा. क्षमेचा उद्गार लूक २३:३४, चोराला दिलेले वचन २३:४३, आई आणि शिष्य योहान १९:२६-२७, त्यागाचा आक्रोश मत्तय २७:४६, तहान योहान १९:२८, “पूर्ण झाले आहे” १९:३०, आणि आत्मा सोपवणे लूक २३:४६. चौथ्या वक्त्याने बाविसावे स्तोत्र हातात घ्यावे, इतरांनी त्याला हात लावू नये. सातव्याने एकतिसावे. सहाव्या उद्गाराचा मूळ ग्रीक शब्द ‘तेतेलेस्ताई’ पावतीवर ‘रक्कम पावली’ या अर्थाने लिहीत, असे सांगायची फार हौस दिसते. त्याला आधार कच्चा आहे. योहानाच्या शुभवर्तमानातच “तू मला करायला दिलेले काम मी पूर्ण केले” हे १७:४ मध्ये आहे, तिकडून या शब्दाकडे यावे. पावतीची गरजच पडत नाही.

वक्त्यासमोर पहिल्या बाकावर एकाने बसावे आणि नवव्या मिनिटाला कार्ड दाखवावे. कार्ड न पाहणारा वक्ता असतोच. त्याला सातवा उद्गार देऊ नका, दुसरा किंवा तिसरा द्या, म्हणजे पुढे वेळ भरून काढता येतो.

लोक उठून जातात त्याला भाषणांइतकाच उकाडाही कारण आहे. मार्चअखेर दुपारी आपल्याकडे पारा चाळिशीच्या आसपास असतो. कूलर ११ वाजताच पूर्ण वेगाने लावून सभागृह गार करा, बाराला वेग कमी करा. मोठा कूलर माइकशेजारी घरघरत असेल तर तीन मिनिटांची शांतता ही शांतता राहत नाही. वाऱ्याच्या झोतात मेणबत्त्या एका बाजूने वितळून ओघळतात, म्हणून सात मेणबत्त्या एकेक करून विझवणार असाल तर त्या झोताबाहेर ठेवा. मागच्या दाराशी पाण्याचा माठ ठेवा आणि सुरुवातीलाच सांगा: उपास असला तरी मधुमेहींनी, गरोदर बायांनी आणि वृद्धांनी पाणी आणि औषध घ्यावे, आणि कुणालाही जायचे असेल तर गीत चालू असताना जावे.

ईस्टरला पहाटे कब्रस्तानात किती वाजता जायचे? (सदर)

२८ मार्चला नागपुरात सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो. साडेपाचला जमा, पावणेसहाला सुरुवात करा, म्हणजे योहानातला “अंधार असतानाच” आणि मार्कातला “सूर्य उगवल्यावर” असे दोन्ही क्षण एकाच उपासनेत येतात. आदल्या दिवशी वाळलेले गवत कापून घ्या. मेणबत्तीच्या ठिणगीने ते पेटायला वेळ लागत नाही, आणि फुलांचे हार बांधलेले प्लॅस्टिक त्याला हातभार लावते. मेणबत्ती कागदी पेल्यात नको, मातीच्या पणतीत वाळू घालून रोवा. ‘हालेलूया’ उपवासकाळात गायला नसेल तर तो इथे, सूर्य दिसल्यावर, पहिल्यांदा गावा. पेटी न्यायची गरज नाही. झांज आणि ढोलकी पुरते.

पांढरे वेदीवस्त्र कधीपर्यंत ठेवायचे? आमच्याकडे ईस्टरच्या सोमवारीच हिरवे घालतात. (धंतोली)

ईस्टर हा ५० दिवसांचा काळ आहे. यंदा स्वर्गारोहणाचा दिवस ६ मे, गुरुवार. पन्नासाव्या दिवसाचा सण (पेंटेकॉस्ट) १६ मेला, त्या दिवशी लाल. २३ मेला त्रैक्य रविवार, परत पांढरे, आणि हिरवे त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. उपवासकाळाचे ४० दिवस जांभळे पाळायचे आणि पांढरे एकच दिवस, हा व्यवहार तोट्याचा आहे. इतके दिवस एकच वस्त्र मळते हे खरे, म्हणून दोन साधे सुती संच शिवून घ्या. त्यावर मेण पडले तर नखाने खरवडू नका. बर्फाचा खडा फिरवून मेण कडक करा, चमच्याच्या बोथट कडेने उचला, आणि राहिलेल्या तेलकट डागाच्या खाली-वर टिपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा. वर्तमानपत्र वापरू नका. त्याची शाई पांढऱ्यावर उतरते.