‘ढाल’ नको, मग काय?

डिचोलीच्या एक विज्ञान शिक्षिका विचारतात: दुर्बिणीच्या नेत्रिकेसाठी (डोळा लावतो त्या टोकाच्या भिंगांसाठी) पॉलिमरची ‘ग्रेडियंट-इंडेक्स’ भिंगं कशी घडवतात यावर मुलांसाठी टिपण लिहितेय. एका हिंदी पुस्तिकेत ग्रेडियंटला ‘ढाल’ सापडलं. मराठीत काय लिहू?

बाई, ढाल तेवढी लिहू नका. हिंदीत ढाल म्हणजे उतारही होतो, आपल्याकडे ती तलवारीसोबतच येते. वर इंडेक्सला ‘निर्देशांक’ म्हटलंत तर वाचणारा थेट शेअर बाजारात पोचेल. इथला इंडेक्स म्हणजे अपवर्तनांक, पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा. विश्वकोशात तो ‘प्रणमनांक’ म्हणून भेटतो, पण मुलांना पुस्तकातला शब्दच द्यावा.

ग्रेडियंटला कोशांत ‘प्रवणता’ आहे. गणितात तो ठीक चालतो. पण ‘अपघातप्रवण क्षेत्र’ वाचत मोठ्या झालेल्या पोरांना ‘अपवर्तनप्रवण भिंग’ म्हणजे सारखं काहीतरी व्हायच्या बेतात असलेलं भिंग वाटेल. ‘बदलता अपवर्तनांक’ही फसवा: तो वेळेनुसार बदलतो असं वाटतं. इथे तो जागेनुसार बदलतो, आणि हळूहळू.

हे हळूहळूपण शब्दात यायला हवं. साध्या भिंगात किरण वळतो तो फक्त पृष्ठभागावर. आत अपवर्तनांक सगळीकडे सारखा, म्हणून वाट सरळ. या भिंगात किरण आतल्या आतही वळत जातो. त्यामुळे दोन्ही बाजू सपाट असल्या तरी चालतं, अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. वुड यांनी १९०५ च्या सुमारास जिलेटिनच्या चकतीवर हे दाखवलं होतं. निसर्गाला ते आधीपासून ठाऊक आहे. हुमणातल्या बांगड्याच्या डोळ्यातून जो टणक पांढरा मणी निघतो ना, तेच ते. कच्च्या माशात तो पारदर्शक असतो, आणि त्याचा अपवर्तनांक कडेकडून गाभ्याकडे चढत जातो. आपल्याही डोळ्यात तसंच, फक्त चढ कमी: कडेला १.३८ च्या आसपास, गाभ्यात १.४१ पर्यंत.

घडवण्याच्या भागासाठी बिबिंकेची (आपल्या पदरापदरांच्या गोड पदार्थाची) उपमा वापरा, मुलांना लगेच कळेल. एक रीत अशी: अ‍ॅक्रिलिक (अपवर्तनांक १.४९) आणि स्टायरीन-अ‍ॅक्रिलोनायट्राइल (१.५७) ही दोन प्लास्टिकं वितळवून आलटून पालटून पदर काढतात, प्रवाह दुभागून पुन्हा एकमेकांवर चढवला की पदर दुप्पट. असं करत हजारो. बिबिंकेचे पदर आपण मोजू शकतो. हे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप पातळ, त्यामुळे प्रकाशाला पदर दिसत नाहीत, दोन्हींची सरासरी तेवढी जाणवते. प्रमाण बदललं की फिल्मचा अपवर्तनांक बदलला. वेगवेगळ्या प्रमाणाच्या फिल्म आराखड्याप्रमाणे रचायच्या, उष्णता आणि दाब देऊन एकजीव करायच्या, बाक द्यायचा, मग हिऱ्याच्या हत्याराने आकार कातायचा. अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने आणि तिथल्या नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने यावर बरंच काम केलं आहे. नेत्रिकेत याचा लाभ म्हणजे दोन-तीन काचांचं काम कधी एकच भिंग करू शकतं, आणि वजन उतरतं.

मोह ‘बहुपदरी भिंग’ म्हणायचा होतो. मलाही झाला. पण वुडच्या जिलेटिनला पदर नव्हते. नाव गुणाला द्यावं, कृतीला नव्हे.

राहिला प्रश्न, प्लास्टिकला भिंग म्हणावं का? ‘लेन्स’ हा लॅटिनमधला मसूर, म्हणजे तो आकाराला बांधलेला, आणि सपाट चकतीला बसत नाही. ‘भिंग’ मुळात काच, तो पदार्थाला बांधलेला. पण चष्मेवाला ‘काच फायबरची देऊ?’ असं खुशाल विचारतो आणि कुणी अडखळत नाही. तेव्हा भिंगच ठेवा.

माझं मत: पहिल्यांदा ‘क्रमिक अपवर्तनांकाचं भिंग’ लिहा (क्रमिक पुस्तकाची आठवण येईल, येऊ द्या), पुढे नुसतं ‘ग्रिन भिंग’ (ग्रेडियंट-इंडेक्सचं इंग्रजी लघुरूप, GRIN). मात्र ग्रि ऱ्हस्वच काढा, नाहीतर वर्गातली पोरं आकृतीत भिंग हिरवं रंगवून आणतील.