लॉगिन करून पाठवलेला आपल्याच माणसाचा मेल स्पॅम फिल्टर का अडवतो?

तुम्ही म्हणताय की ऑफिसच्या वायफायवरून मेल नीट जातो, पण तोच माणूस घरून मोबाईल डेटावर पाठवायला गेला की पोस्टफिक्स (सर्व्हरवर मेलची ने-आण करणारा प्रोग्रॅम) 'झेन' या ब्लॉकलिस्टचं नाव सांगून परत पाठवतं, आणि कधी गेलाच तर स्पॅममध्ये पडतो, तर आपलं डोमेनच व्हाइटलिस्ट करू का, म्हणजे त्या नावाचा मेल न तपासता सोडू का? नका करू.

मी केलं होतं. एका छोट्या ऑफिसचा सर्व्हर बघायचो, तिथल्या अकाउंट्सच्या मॅडमचा रोज फोन, 'आमचाच मेल आम्हालाच स्पॅममध्ये', शेवटी वैतागून स्पॅमअसॅसिनमध्ये, म्हणजे मेलला पॉइंट देऊन स्पॅम ठरवणाऱ्या फिल्टरमध्ये, अख्खं डोमेन व्हाइटलिस्टला टाकलं आणि चहाला गेलो. चार दिवसांत साहेबांच्या नावाने मेल, मीटिंगमध्ये आहे, या खात्यात लगेच पैसे टाका. फ्रॉममध्ये साहेबांचाच पत्ता, मग फिल्टर कशाला अडवतोय. मॅडमनी केबिनमध्ये जाऊन विचारलं म्हणून वाचलो. फ्रॉममध्ये कोणीही काहीही लिहू शकतं, लॉगिनला मात्र पासवर्ड लागतो, म्हणून सूट लॉगिनला द्यायची, पत्त्याला नाही.

आता तुमची भानगड. झेन म्हणजे स्पॅमहाउसच्या बऱ्याच याद्या एकत्र, त्यातली एक पीबीएल. तिच्यात घरगुती ब्रॉडबँड, मोबाईल वगैरेचे आयपी असतात, ते पण कोणी स्पॅम केला म्हणून नाही, तर या आयपीवरून कोणी थेट दुसऱ्याच्या सर्व्हरच्या २५ नंबर पोर्टवर मेल टाकणं अपेक्षितच नाही म्हणून. १२७.०.०.१० किंवा ११ असं उत्तर आलं की पीबीएल समजा. नाव काढून घ्यायला अर्ज करत बसू नका, मोबाईलचा आयपी उद्या दुसऱ्याच कोणाकडे असतो.

मेन डॉट सीएफ, म्हणजे पोस्टफिक्सची मुख्य सेटिंगची फाइल, उघडा आणि नियमांचा क्रम बघा. 'पर्मिट सॅसल ऑथेंटिकेटेड' (लॉगिन केलेल्याला सोडा) हे 'रिजेक्ट आरबीएल क्लायंट'च्या (आरबीएल म्हणजे झेनसारख्या ब्लॉकलिस्टमध्ये आयपी असेल तर अडवा) आधी पाहिजे, कारण पोस्टफिक्स डावीकडून वाचत जातं आणि निकाल लागला की नियमांची ती यादी तिथेच सोडतं. पण फक्त तीच यादी हां! क्लायंट, सेंडर, रेसिपियंट या याद्या वेगवेगळ्या आहेत, एकीत पर्मिट मिळालं म्हणून दुसरी माफ होत नाही. माझ्याकडे रेसिपियंटच्या यादीत सगळं बरोबर होतं आणि क्लायंटच्या यादीत आधीच्या कोणीतरी आरबीएलची ओळ एकटीच टाकून ठेवलेली, दोन तास गेले शोधण्यात.

त्यापेक्षा दरवाजेच वेगळे करा. २५ वर फक्त बाहेरचे सर्व्हर, तिथे लॉगिनच बंद, सगळ्या आरबीएल तिथेच. आपली माणसं ५८७ नाहीतर ४६५ या पोर्टवर, आणि मास्टर डॉट सीएफमध्ये (कोणत्या पोर्टवर काय चालतं ते ठरवणारी फाइल) त्या दोन सर्व्हिसपुरता नियम एवढाच की लॉगिन असेल तर घे नाहीतर रिजेक्ट. सोबत सेंडर लॉगिन मॅप (कोणत्या लॉगिनने कोणता पत्ता वापरायचा त्याचा तक्ता) लावून टाका, म्हणजे प्यून स्वतःच्या पासवर्डवर साहेबांच्या पत्त्याने मेल पाठवू शकणार नाही.

स्पॅममध्ये पडतोय त्याचं उत्तर हेडरमध्ये मिळेल. तुमच्या सर्व्हरने टाकलेल्या रिसीव्ह्ड ओळीत 'विथ ईएसएमटीपीएसए' दिसतंय का बघा, त्यातला शेवटून दुसरा एस टीएलएसचा, म्हणजे एन्क्रिप्शनचा, आणि शेवटचा ए लॉगिनचा. ते असेल आणि सर्व्हरचा आयपी स्पॅमअसॅसिनच्या 'ट्रस्टेड नेटवर्क्स' सेटिंगमध्ये असेल तर स्पॅमअसॅसिन तो टप्पा विश्वासातला धरतं आणि पीबीएलचे पॉइंट लावत नाही. ते पॉइंट तीनाच्या वर असतात आणि लिमिट मुळात ५, म्हणजे बघा. सर्व्हर नॅटच्या मागे, म्हणजे राउटरमागे खाजगी आयपीवर, असेल तर कोणता आयपी आपला याचा स्पॅमअसॅसिनचा अंदाज हमखास गंडतो, त्या सेटिंगमध्ये आयपी हाताने लिहा.

तरी आपल्या माणसांना फिल्टर पूर्ण बंद करू नका. एकाचा पासवर्ड फुटला की रात्रीत हजारो मेल जातात आणि मग खरंच ब्लॉकलिस्टमध्ये जातो तो तुमचा सर्व्हर. पोस्टफिक्सची स्वतःची रेट लिमिट आयपीवर मोजते, युजरवर नाही, त्यामुळे युजरमागे तासाला किती ते ठरवायला पॉलिसी सर्व्हर (पोस्टफिक्स ज्याला विचारून निर्णय घेतं असा जोडप्रोग्रॅम) किंवा आरस्पॅमडी हा दुसरा स्पॅम फिल्टर लागेल.

आणि टेस्ट करताना फोनचं वायफाय बंद करा राव. ऑफिसचा आयपी बहुतेक पोस्टफिक्सच्या 'मायनेटवर्क्स'मध्ये (आपले विश्वासातले आयपी) आहे, म्हणूनच तिथून लॉगिन न करताही सगळं पास होतंय.